फसलेली डिस्क कमांड पुन्हा रांगेत कशी जाते? लिनक्स कर्नलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉगमध्ये डिस्कची चूक दिसली की दोन प्रश्न हमखास येतात: डेटा गेला का, आणि कर्नलने परत प्रयत्न केला का. पहिल्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यावर अवलंबून असतं, म्हणून हे पान दुसऱ्याबद्दल आहे. उत्तरं लिनक्सच्या स्कझी थराला, म्हणजे डिस्कला कमांडी देणाऱ्या कर्नलच्या भागाला, धरून दिली आहेत. साटा आणि यूएसबी डिस्कसुद्धा याच थरातून जातात, त्यामुळे बहुतेकांना ती लागू पडतील. एनव्हीएमईची, म्हणजे नव्या वेगवान एसएसडींची, वाट वेगळी आहे, तिच्यासाठी प्रश्न 15 बघा. इथलं वर्णन 2019 च्या 5.0 पासूनच्या कर्नलचं आहे. त्याआधीचा जुना एकरांगी मार्ग त्या आवृत्तीत काढून टाकला गेला.

1. कमांड "पुन्हा रांगेत टाकणे" म्हणजे नक्की काय होतं?

फाइल सिस्टिमने वाचायला किंवा लिहायला सांगितलं की ब्लॉक लेअर, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या मागण्या सांभाळणारा कर्नलचा थर, त्याची रिक्वेस्ट बनवतो. स्कझीचा मधला थर त्या रिक्वेस्टची कमांड तयार करून हार्डवेअरच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. कमांड फसून परत आली, पण पुन्हा पाठवण्याजोगी आहे असं ठरलं, तर चूक वर कळवली जात नाही. कमांडचा निकाल पुसला जातो, तिच्याकडचा टॅग, म्हणजे डिस्कच्या रांगेतल्या जागेचा क्रमांक, काढून घेतला जातो आणि रिक्वेस्ट ब्लॉक लेअरच्या रिक्यू लिस्टवर जाते. तिथून केब्लॉकडी नावाची कर्नलची कामाची रांग तिला उचलून नव्याने पाठवते. प्रोग्रामला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने रीडला थोडा जास्त वेळ लागला, एवढंच.

टॅग काढून घेणं महत्त्वाचं आहे. तो फसलेल्या कमांडकडेच राहिला असता तर थांबलेल्या कमांडींनीच डिस्कच्या सगळ्या जागा अडवल्या असत्या. आणि या सगळ्यात नव्याने मेमरी मागावी लागत नाही, कारण रिक्वेस्ट आधीच राखून ठेवलेली असते. मेमरी संपत आल्यामुळे स्वॅपवर (मेमरीतली पानं ठेवायच्या डिस्कवरच्या जागेत) लिहायचं आहे आणि तीच कमांड फसली, अशा वेळी दुसरा मार्गच नसतो.

2. कोणती चूक परत पाठवायची आणि कोणती वर कळवायची, हे कोण ठरवतं?

स्कझी-डिसाइड-डिस्पोझिशन नावाचं एक फंक्शन. ते आधी होस्ट बाइट बघतं, म्हणजे ड्रायव्हरचं म्हणणं काय आहे. मग स्टेटस बाइट, म्हणजे डिव्हाइसचं म्हणणं. डिव्हाइसने 'चेक कंडिशन' (काहीतरी अडलंय, असं उत्तर) दिली असेल तर सोबतचा सेन्स डेटा, म्हणजे काय अडलं याचा तपशील, उलगडून बघतं. चारपैकी एक निर्णय निघतो: कमांड संपली म्हणून वर कळवा, मोजून परत पाठवा, न मोजता रांगेत टाका, किंवा एरर हँडलरकडे द्या.

हा कोड वाचताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवतो: दोष कोणाचा? कमांडच चुकीची असेल, उदाहरणार्थ डिस्कला न कळणारा ऑपकोड (कमांडचा क्रमांक), तर शंभरदा पाठवूनही उपयोग नाही. दोष वाटेचा असेल, म्हणजे केबल, बस किंवा नेटवर्क, तर परत पाठवण्यात अर्थ आहे. दोष कोणाचाच नसेल, फक्त गर्दी असेल, तर ती खेप कमांडच्या नावावर मोजणंच अन्याय आहे. खालची बहुतेक उत्तरं या वाटणीतूनच निघतात.

3. पाच वेळा प्रयत्न होतो असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं. डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये पुन्हा प्रयत्नांची मर्यादा 5 आहे, म्हणजे पहिली खेप धरून जास्तीत जास्त सहा. पण ही मर्यादा फक्त मोजल्या जाणाऱ्या चुकांना लागते: पॅरिटीची चूक (वाटेत बिट बदलल्याची), ड्रायव्हरने दिलेली साधी 'एरर' किंवा 'सॉफ्ट एरर', वाहतूक खंडित होणं, डिव्हाइसने 'अबॉर्टेड कमांड' म्हणणं, रीसेटनंतरचं अपेक्षित 'युनिट अटेन्शन' (माझी स्थिती बदलली आहे, ही डिस्कची सूचना).

न मोजल्या जाणाऱ्यांत 'बिझी' आणि 'टास्क सेट फुल' (डिस्कची रांग भरली) हे दोन स्टेटस येतात. ड्रायव्हरने स्वतःहून 'रिक्यू करा' किंवा 'लगेच परत पाठवा' असं सांगितलं तर तेही मोजलं जात नाही. आणि काही चुकांना एकही खेप मिळत नाही. 'रिझर्वेशन कॉन्फ्लिक्ट' घ्या: दुसऱ्या मशीनने डिस्क राखून ठेवली आहे हे उत्तर ठाम आहे, त्याच्याशी हुज्जत घालायची नसते.

नव्या कर्नलमध्ये ही मर्यादा सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतून) डिस्कनिहाय बदलता येते, -1 ते 5 या टप्प्यात. -1 म्हणजे मर्यादाच नाही. तो आकडा घालण्याआधी प्रश्न 4 वाचा.

4. डिस्क कायम "बिझी" म्हणत राहिली तर कमांड जन्मभर फिरत राहील?

नाही. प्रत्येक कमांडला घड्याळाचीही मर्यादा आहे: प्रयत्नांची मर्यादा अधिक एक, गुणिले टाइमआउट. डिस्कचा नेहमीचा टाइमआउट 30 सेकंद, म्हणून सहा गुणिले तीस, एकूण 180 सेकंद. कमांड पहिल्यांदा तयार झाल्यापासून हे घड्याळ चालू असतं आणि रांगेत परत गेल्याने ते शून्यावर येत नाही. वेळ संपली की कमांड संपवली जाते आणि लॉगमध्ये 'टायमिंग आउट कमांड, वेटेड 180' अशी ओळ येते. ती ओळ दिसली तर समजा, कमांड बराच काळ रांगेत ये-जा करत होती.

मर्यादा -1 ठेवली तर हे घड्याळही बंद होतं. मग डिस्क परत येईपर्यंत कमांड खरोखरच फिरत राहू शकते.

5. 180 सेकंद थांबायचं ठरलेलं आहे, मग 120 सेकंदांनीच "टास्क अडकला" अशी तक्रार का येते?

तो वेगळा पहारेकरी आहे. हंग-टास्क तपासणी नेहमी 120 सेकंदांवर लावलेली असते आणि तिला स्कझीच्या हिशेबाशी देणंघेणं नसतं. म्हणून एकच डिस्क आजारी असली तरी लॉगमध्ये आधी डेटाबेस किंवा फाइल सिस्टिमचा अडकलेला टास्क दिसतो आणि डिस्कचा शेवटचा निकाल त्याच्या मागून येतो. लॉग वाचताना पहिल्या मोठ्या स्टॅक ट्रेसवर (टास्क कोणत्या फंक्शनांत अडकला त्या यादीवर) थांबू नका. दोन-तीन मिनिटं मागेपुढे जाऊन डिस्कच्या ओळी शोधा.

6. बिझी डिस्कला लगेच परत पाठवत राहिलं तर सीपीयू फुकट जळणार नाही का?

त्यासाठी अडसर आहे. 'बिझी' आल्यावर त्या डिव्हाइसला 'ब्लॉक्ड' म्हणून मोजणी लावली जाते: डिव्हाइससाठी 3, होस्टसाठी (डिस्क जोडलेल्या कार्डासाठी) 7. त्या डिव्हाइसवरची एखादी कमांड पूर्ण झाली की अडसर तिथेच निघतो, कारण डिस्क काम करते आहे हे दिसलं. डिव्हाइसकडे एकही कमांड उरलेली नसेल तर पूर्ण होण्यासारखं काही नाही. मग रांग थोड्या थोड्या वेळाने, साधारण 3 मिलिसेकंदांनी, चालवून बघितली जाते आणि मोजणी एकेकाने उतरते.

'टास्क सेट फुल' आला तर बरेच ड्रायव्हर त्या डिस्कची रांगेची खोलीही (एका वेळी तिला किती कमांडी द्यायच्या तो आकडा) कमी करतात. पुढे सुरळीत चाललं तर ती हळूहळू वाढवली जाते. त्या वाढीचा नेहमीचा कालावधी 120 सेकंद असतो.

7. वाचताना खराब सेक्टर लागला, तरी कर्नल पुन्हा वाचून का बघत नाही?

कारण डिस्कने ते आधीच केलेलं असतं. 'अनरिकव्हर्ड रीड एरर' म्हणण्याआधी डिस्कमधला प्रोग्राम, म्हणजे तिचं फर्मवेअर, त्याच जागेवर कित्येकदा वाचून, आपली दुरुस्तीची गणितं लावून थकलेलं असतं. कर्नलने आणखी पाच खेपा घातल्या तर हाती बहुधा वेळेचा खर्चच येतो. म्हणून हा सेन्स आला की मधला थर परत पाठवत नाही.

पण सगळी रिक्वेस्ट फेकून दिली जात नाही, आणि हा भाग मला फार नेटका वाटतो. समजा 512 केबीची एक रीड आहे, म्हणजे 512 बाइटचे 1024 सेक्टर, आणि सुरुवातीचे 300 सेक्टर वाचल्यावर पुढचा खराब निघाला. सेन्स डेटाच्या इन्फर्मेशन खान्यात डिस्क त्या सेक्टरचा पत्ता देते. डिस्कचा ड्रायव्हर त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा करतो आणि 300 सेक्टर, म्हणजे 150 केबी, 'चांगले' म्हणून वर पोचवतो. चूक उरलेल्या भागावर लागते. डिस्कने चूक न सांगता नुसतं कमी वाचून दिलं असतं, तर उरलेल्या भागाची नवी कमांड बनून ती रांगेत गेली असती.

8. टाइमआउट झाला की कमांड सरळ परत का पाठवत नाहीत? आधी अबॉर्ट कशाला?

टाइमआउट म्हणजे कमांड फसली असं नाही. तिचं काय झालं हे कर्नलला माहीत नाही, इतकाच त्याचा अर्थ. कमांड अजून डिस्ककडे जिवंत असू शकते.

आता ती रीड असेल तर डिस्क किंवा कंट्रोलर कोणत्याही क्षणी डीएमएने (सीपीयूला मधे न घेता) मेमरीच्या ठरलेल्या पानात डेटा उतरवू शकतो. कर्नलने कमांड संपली असं गृहीत धरून ते पान सोडून दिलं, आणि ते दुसऱ्या प्रोग्रामला मिळालं, तर उशिरा आलेला डेटा त्या बिचाऱ्या प्रोग्रामच्या मेमरीवर उमटेल. राइट असेल तर धोका उलट्या दिशेचा: जुनी राइट डिस्ककडे पडून आहे, तिची प्रत पाठवली, ती पूर्ण झाली, नंतर त्याच जागी नवा मजकूर लिहिला गेला, आणि मग पहिली जुनी राइट जागी होऊन नव्या मजकुरावर बसली. असा बिघाड लॉगमध्ये दिसत नाही. महिन्यांनी फाइल उघडल्यावर कळतो.

म्हणून नियम असा की कमांडची मालकी आधी परत मिळवायची, मगच तिला रांगेत टाकायचं. पहिलं पाऊल अबॉर्ट. ते यशस्वी झालं आणि प्रयत्न शिल्लक असतील तर कमांड रांगेत परत जाते, आणि बाकीच्या कमांडींना धक्का लागत नाही. अबॉर्ट फसला की प्रकरण एरर हँडलरकडे जातं, आणि तिथून पुढचं प्रश्न 9 मध्ये.

टाइमआउट 2-3 सेकंदांवर आणणाऱ्यांना माझा यासाठीच विरोध असतो. काम थोडंसं लांबलेल्या धडधाकट कमांडींवर अबॉर्टची वेळ येते, आणि अबॉर्ट ही फर्मवेअरमधली सर्वांत कमी तपासली गेलेली वाट असते.

9. एका डिस्कची कमांड अडकली तर त्याच कार्डावरच्या बाकी डिस्क का थांबतात?

प्रत्येक होस्टला स्वतःचा एरर हँडलर थ्रेड असतो आणि तो पूर्ण होस्ट शांत झाल्यावरच काम सुरू करतो. नव्या कमांडी थांबवल्या जातात. आधी गेलेल्यांपैकी प्रत्येक कमांड एकतर पूर्ण व्हावी लागते किंवा फसलेली म्हणून नोंदली जावी लागते. मग पायऱ्या चढत जातात: लॉजिकल युनिट (ती एक डिस्क) रीसेट, टार्गेट (तिचं अख्खं उपकरण) रीसेट, बस (सगळी जोडणी) रीसेट, होस्ट रीसेट. प्रत्येक पायरीनंतर डिस्क बोलते का ते तपासलं जातं, आणि त्या तपासणीचा टाइमआउट नेहमी 10 सेकंदांचा असतो. एखाद्या पायरीवर डिस्क सावरली की थांबलेल्या कमांडी रांगेत परत. कशानेच सावरली नाही तर डिस्क 'ऑफलाइन'.

बऱ्याच डिस्क असलेल्या कार्डावर ही चढण मिनिटांत जाते. होस्टची ईएच-डेडलाइन (एरर हँडलरची मुदत) लावली तर ठरलेल्या सेकंदांनंतर मधल्या पायऱ्या सोडून थेट होस्ट रीसेट होतो. ज्यांच्याकडे दुसरी वाट किंवा दुसरी प्रत आहे, त्यांनी ती जरूर लावावी.

10. साटा डिस्कवर चूक एकच, पण लॉगमध्ये ढीगभर कमांडी एकदम फसलेल्या दिसतात. असं का?

हे एनसीक्यूमुळे, म्हणजे साटा डिस्कच्या स्वतःच्या कमांड-रांगेमुळे. साटा डिस्ककडे एका वेळी 32 पर्यंत कमांडी असू शकतात, आणि त्यातली एक जरी फसली तरी डिस्क बाकीच्या सगळ्या टाकून देते. कोणती फसली हे कळण्यासाठी कर्नलचा साटा सांभाळणारा लिबएटीए भाग डिस्कचा 10 एच (हेक्स) क्रमांकाचा लॉग वाचतो, त्यात दोषी टॅग असतो.

बाकीच्या कमांडी निर्दोष. त्यांना परत पाठवताना लिबएटीए त्यांच्या प्रयत्नांची मर्यादा एकाने वाढवून देतो, म्हणजे शेजारणीच्या चुकीची खेप त्यांच्या नावावर चढत नाही. हे नसतं तर एका खराब सेक्टरभोवती घुटमळणाऱ्या रीडमुळे भलत्याच जागच्या राइट आपले प्रयत्न गमावून बसल्या असत्या.

11. परत गेलेली कमांड पुढे लागते की मागे? क्रम बदलून डेटा बिघडणार नाही ना?

मधला थर तिला आधीपासून थांबलेल्यांच्या पुढे घालतो. पण त्यावर विसंबून काही लिहू नका. ब्लॉक लेअर क्रमाची हमी देतच नाही. आधीचे बॅरियर (क्रम राखायला लावणाऱ्या खुणा) 2011 च्या 2.6.37 मध्ये गेले. तेव्हापासून नियम साफ आहे: 'आधी हे, मग ते' हवं असेल तर पहिलं पूर्ण होण्याची वाट बघा आणि फ्लश (डिस्कच्या कॅशमधलं कायम जागी उतरव) किंवा एफयूए (ही राइट थेट कायम जागी लिही) वापरा. जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) ठेवणाऱ्या फाइल सिस्टिम हेच करतात.

अपवाद झोन असलेल्या डिस्कचा. तिथे झोनमध्ये ओळीनेच लिहावं लागतं, आणि रांगेत परत गेलेल्या राइटच्या आधी तिच्या मागची पोचली तर डिस्क ती नाकारते. म्हणून एका झोनमध्ये एका वेळी एकच राइट सोडली जाते. हे काम 2024 च्या 6.10 पासून ब्लॉक लेअरमधलं झोन राइट प्लगिंग करतं.

12. मल्टिपाथ लावल्यावर पुन्हा प्रयत्न होताना दिसत नाहीत. काही बिघडलंय का?

नाही, तसंच हवं. मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारी यंत्रणा, प्रत्येक रिक्वेस्टवर 'वाहतुकीत फसली तर लगेच सांग' अशी फेलफास्ट खूण लावतो. दुसरी वाट मोकळी असताना मेलेल्या वाटेवर सहा खेपा कशाला? खालचा थर लवकर हार मानतो आणि रांगेत परत टाकण्याचं काम वरचा थर, दुसऱ्या वाटेने, करतो. सगळ्याच वाटा गेल्या तर कमांडी धरून ठेवायच्या की फसवायच्या हे 'नो पाथ रिट्राय'ची सेटिंग ठरवते. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनींत, ती अनंत ठेवू नका, नाहीतर मेलेला नोड कधीच मेला असं ठरणार नाही.

रीडअहेडच्या रिक्वेस्टवरही फेलफास्टच्या खुणा असतात. कोणी न मागितलेला डेटा तो, त्याच्यासाठी झगडण्यात अर्थ नाही.

13. घरच्या रेड (अनेक डिस्कवर डेटाची जादा प्रत ठेवणाऱ्या) सर्व्हरमधली डिस्क एका खराब सेक्टरपायी बाहेर फेकली गेली. टाइमआउट वाढवू का?

आधी डिस्कचा एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर तिने किती वेळ झुंजायचं ती मर्यादा) बघा. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर 30 सेकंदांहून जास्त वेळ स्वतःच झुंजत राहू शकतात. मधेच कर्नलचा टाइमआउट होतो, प्रश्न 8 आणि 9 मधली सगळी साखळी सुरू होते, आणि एक सेक्टर अख्खी डिस्क घालवतो. वेळेत 'सेक्टर खराब' एवढं उत्तर मिळालं असतं तर रेडने तो दुसऱ्या प्रतीतून दुरुस्त केला असता.

ईआरसीची सोय असेल तर स्मार्टसीटीएल या साधनाने वाचन आणि लेखन दोन्हींसाठी 70 लावा. एकक 100 मिलिसेकंदांचं आहे, म्हणजे 7 सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, तेव्हा बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला. सोय नसेल तरच कर्नलचा टाइमआउट 180 करा. रेड नसलेल्या एकट्या डिस्कवर मात्र ईआरसी कमी करू नका. तिथे दुसरी प्रत नाही, डिस्कला झुंजू द्या.

14. कोणत्या कमांडी परत पाठवल्याच जात नाहीत?

टेपवरच्या. डिस्कवर तोच सेक्टर दोनदा लिहिला तरी फरक पडत नाही. टेपवर पहिल्या खेपेला फीत पुढे सरकली असेल तर दुसरी खेप भलत्या जागी पडते. म्हणून टेपच्या ड्रायव्हरमध्ये पुन्हा प्रयत्नांची संख्या 0 आहे. एसजी-आयओ वाटेने (डिस्कला थेट स्कझी कमांड द्यायच्या सोयीने) प्रोग्रामने स्वतः पाठवलेल्या कमांडींबाबतही 'चेक कंडिशन'चा निकाल त्या प्रोग्रामलाच मिळतो, निर्णय त्याने घ्यायचा.

उलटा अपवाद यूएसबीचा. एरवी 'हार्डवेअर एरर' परत पाठवली जात नाही. पण यूएसबी ते आयडीई (डिस्कची जुनी जोडणी) करणारे ब्रिज किरकोळ कारणांनाही हाच सेन्स देतात. म्हणून यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर अशा डिव्हाइसवर 'ही चूक परत पाठवा' अशी खूण करतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या खेपेला काम होऊन जातं.

तिसरा प्रकार कमांड बदलून पाठवण्याचा. डिस्कने 10 बाइटची रीड 'कळत नाही' म्हणून नाकारली तर कर्नल त्या डिस्कपुरती 10 बाइटची वाट बंद करतो आणि रिक्वेस्ट 6 बाइटच्या कमांडीत नव्याने बांधतो.

15. एनव्हीएमईवर हेच सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, यंत्रणा आटोपशीर. मर्यादा इथेही 5 आणि टाइमआउट 30 सेकंद. फरक असा की दोष कोणाचा हे कंट्रोलर स्वतःच सांगतो: उत्तरात 'डू नॉट रिट्राय' बिट असेल तर विषय संपला. आवृत्ती 1.4 पासून किती थांबून परत या हेही तो सांगू शकतो, 100 मिलिसेकंदांच्या पटीत. स्कझीत जे सेन्स कोडच्या लांबलचक यादीवरून ताडावं लागतं, ते इथे एका बिटात आहे. ही मला खरी प्रगती वाटते.

16. सगळे प्रयत्न संपले आणि राइट फसली. प्रोग्राम पुन्हा एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर नक्की उतरव, ही विनंती) करून वाचवू शकतो का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. राइट बहुधा प्रोग्रामने सांगितल्यानंतर बऱ्याच वेळाने होते. ती कायमची फसली की चूक नोंदली जाते आणि पुढच्या एफसिंकला कळवली जाते. पण बऱ्याच फाइल सिस्टिम त्या राइटचं मेमरीतलं पान तोवर 'स्वच्छ', म्हणजे डिस्कवर उतरलेलं, धरून बसलेल्या असतात. दुसरा एफसिंक 'ठीक' म्हणतो, कारण त्याला लिहायला काही उरलेलंच नसतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसच्या मंडळींच्या हे ध्यानात आलं. त्यांच्या 2019 च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसला की डेटाबेस सर्व्हर पॅनिक करतो (स्वतःला बंद पाडतो) आणि आपल्या बदलांच्या लॉगमधून सावरतो. तुमचा प्रोग्राम डेटा सांभाळत असेल तर त्यानेही फसलेल्या एफसिंकनंतर आपल्या प्रतीवरून सगळं नव्याने लिहिलं पाहिजे. कर्नलच्या खेपा तोवर संपलेल्या असतात.

17. हे प्रत्यक्ष बघायचं आहे, पण चांगली डिस्क बिघडवायची नाही.

स्कझी-डीबग मॉड्यूल लोड करा. ते मेमरीत खोटी डिस्क उभी करतं. लोड करताना ऑप्ट्स या पर्यायाला 2 दिलं तर 4660 क्रमांकाच्या सेक्टरपासून पुढे काही सेक्टरवर 'मीडियम एरर' (खराब सेक्टरची चूक) येते, म्हणजे प्रश्न 7 डोळ्यांनी बघता येतो. ऑप्ट्स 4 आणि सोबत एव्हरी-एनथ (दर कितव्या कमांडीला) दिलं तर ठरावीक कमांडींना उत्तरच मिळत नाही, म्हणजे प्रश्न 8. बघण्यासाठी दुसऱ्या टर्मिनलवर ब्लॉकट्रेस (रिक्वेस्टींचा माग दाखवणारं साधन) लावा: रांगेत परत गेलेली रिक्वेस्ट 'आर' अक्षराने दिसते. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या आतलं तपासायच्या जागेत) त्या डिस्कच्या फोल्डरात रिक्यू लिस्ट नावाची फाइलही असते, नेमकं त्या क्षणी कोण थांबलंय ते तिच्यात दिसतं.

खऱ्या डिस्कवर सिसएफएसमधला आयओ-एरर काउंट बघत राहा. आकडा हेक्समध्ये (16 च्या पायावर) असतो, वाचताना चुकू नका.